जुनी ऑटो बंदूक उडत नसेल तर: खटका, टोपी आणि वाळलेलं ग्रीस

निवडणुकीची आचारसंहिता उठली की सोलापूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत परवानाधारकांची ये-जा सुरू होते. जमा केलेली हत्यारं परत न्यायला माढ्याचा बागायतदार येतो, सांगोल्याचा निवृत्त फौजी येतो, एखाद्या बँकेचा सुरक्षारक्षक येतो. बहुतेकांच्या हातात एकनळी नाहीतर जोडनळी बारा बोअर असते. क्वचित एखाद्याकडे आजोबांनी घेतलेली, मागच्या बाजूला चौकोनी कुबड असलेली पाच बारांची ऑटो, म्हणजे एका बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरून घेणारी बंदूक, दिसते. ती घरी येते, सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटात जाते. पुढे कधीतरी चालते का बघू म्हणून नेमबाजीच्या रेंजवर नेली जाते, चाप ओढला जातो आणि काहीच होत नाही.

मग दुरुस्तीच्या दुकानात जो संवाद होतो, तो साधारण असा:

"अण्णा, बंदूक उडंना झालीय."

"खटका वाजतोय का?"

"वाजतोय की."

"मग न फुटलेलं काडतूस कुठंय?"

"ते तिथंच टाकून दिलं."

"तेच आणायचं होतं बघा."

अण्णांचा मुद्दा बरोबर आहे. 'उडत नाही' या तक्रारीमागे निरनिराळी डझनभर कारणं असतात. त्यातलं आपलं कोणतं, हे बंदूक खोलून नाही, तर चाप ओढल्यावर आलेल्या आवाजावरून आणि काडतुसाच्या बुडावर उमटलेल्या खुणेवरून कळतं. हे दोन पुरावे नीट वाचता आले तर निम्मं निदान झालं. ते वाचायच्या आधीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणारे लोक बंदुकीचंही नुकसान करतात आणि कधी कधी स्वतःचंही.

हा लेख परवान्यावर नोंदलेल्या बंदुकीबद्दल आणि अधिकृत रेंजवरच्या वापराबद्दल आहे. पिकात रानडुक्कर शिरलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही, आणि नान्नजच्या माळावरच्या काळविटांचं तर नावच काढू नका.

आधी न उडालेल्या बाराचं काय करायचं

चाप ओढला, खटका वाजला, बार झाला नाही. या क्षणी माणूस हमखास दोनपैकी एक चूक करतो. एक म्हणजे बंदूक उलटी करून नळीत डोकावतो. दुसरी, जी जास्त लोक करतात, म्हणजे लगेच बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता पोलादी ठोकळा, मागे ओढतो.

काडतुसातली दारू काही वेळा उशिरा पेट घेते. काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी अर्धवट पेटते, ठिणगी दारूपर्यंत रेंगाळत जाते आणि बार एक-दोन सेकंदांनी होतो. नेमक्या त्या वेळी बोल्ट उघडा असेल तर काडतुसाला चारही बाजूंनी धरून ठेवणारं पोलाद जागेवर नसतं. पितळेचे आणि प्लास्टिकचे तुकडे मग थेट तोंडाकडे येतात. म्हणून बंदूक होती तशीच, निशाणाच्या दिशेनेच धरून ठेवायची, बोट चापावरून काढायचं आणि निदान अर्धा मिनिट थांबायचं. जास्त थांबलात तरी काही बिघडत नाही. त्यानंतर तोंड बोल्टच्या खिडकीपासून बाजूला ठेवून काडतूस बाहेर काढायचं.

ऑटो बंदुकीत इथे आणखी एक फसगत होते. जोडनळी मधून मोडून उघडली की दोन्ही काडतुसं डोळ्यांसमोर येतात. ऑटोमध्ये नळीच्या खाली मॅगझिनची नळी असते आणि तिच्यात चार काडतुसं रांगेत उभी असतात. तुम्ही बोल्ट ओढून बिघडलेलं काडतूस बाहेर काढता, हुश्श म्हणता, आणि बोल्ट सोडल्यावर पुढचं ताजं काडतूस गुपचूप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या काडतुसाच्या जागेत, जाऊन बसलेलं असतं. बंदूक रिकामी झाली असं वाटत असतानाच ती पुन्हा भरलेली असते. त्यामुळे मॅगझिन पूर्ण रिकामं करायचं, बोल्ट मागे अडकवायचा, चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं आणि मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसं ढकलणारी आतली लोखंडी टोपली (फॉलोअर) दिसते का तेही बघायचं. नुसती नजर टाकून भागत नाही, बोट घालावंच लागतं. संध्याकाळच्या उजेडात काळ्या चेंबरमधलं काळ्या प्लास्टिकचं काडतूस दिसत नाही.

बार होतो म्हणजे आत काय होतं

चाप ओढला की सिअर नावाचा छोटा अडसर सरकतो आणि ताणून धरलेला हॅमर सुटतो. हॅमर फायरिंग पिनच्या शेपटीवर आदळतो. पिन बोल्टच्या आतून पुढे येते आणि काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेल्या टोपीवर ठोसा मारते. ही टोपी म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. पातळ धातूची वाटी, तिच्यात ठोक्याने पेटणारं मिश्रण, आणि आत एक छोटी ऐरण. वाटी चेपली की मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतं, ज्योत निघते, बारीक भोकातून दारूत शिरते.

या साखळीत एक कडी अशी आहे की जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोल्ट पूर्ण पुढे जाऊन नळीच्या मागे लॉक झाल्याशिवाय पिनने टोपीपर्यंत पोचताच कामा नये, अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. बोल्ट अर्धवट उघडा असताना बार झाला तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. म्हणजे जुनी ऑटो उडत नाही, तेव्हा पुष्कळदा तिच्यात काही मोडलेलं नसतं. बोल्ट केसभर पुढे जायचा राहिलेला असतो आणि बंदूक तिचं काम चोख करत असते, न उडण्याचं.

खटकाच वाजत नाही

ही त्यातल्या त्यात सोपी बाजू आहे. सेफ्टी लागलेली असते, हे ऐकून हसू नका. ब्राउनिंगच्या, म्हणजे त्या कुबडवाल्या ऑटोच्या, जुन्या नमुन्यांत सेफ्टी चापाच्या पुढे, गार्डच्या आत असायची, नंतर ती चापाच्या मागे आडवी आली. ज्याला एका जातीची सवय आहे त्याला दुसरीत ती सापडत नाही. सेफ्टी मोकळी असूनही चाप मऊ, लोंबकळता लागत असेल तर हॅमर ताणलाच गेलेला नाही. बोल्ट पूर्ण मागे गेला नाही तर तो ताणला जात नाही. चाप घट्ट, पण सुटत नसेल, तर चापाच्या जुळणीत वाळलेलं ग्रीस, धूळ किंवा गंज आहे.

इथे एकच ताकीद. सिअर आणि हॅमर जिथे एकमेकांवर टेकतात, तो कोपरा कारखान्यात घासून, कडक करून बसवलेला असतो. चाप जड लागतो म्हणून त्याला कानस लावणारे महाभाग आहेत. त्या कोपऱ्याचा किंचित भाग गेला की बंदूक दस्ता जमिनीवर आपटल्यावर आपोआप सुटते, किंवा एका चापात दोन बार टाकते. न उडणारी बंदूक ही अडचण आहे, आपोआप उडणारी बंदूक म्हणजे अपघात.

खटका वाजतो, बार होत नाही

आता ते न फुटलेलं काडतूस हातात घ्या आणि बूड उजेडाकडे धरा. टोपी साधारण सहा मिलिमीटर व्यासाची असते. नीट चालणाऱ्या बंदुकीची खूण टोपीच्या बरोबर मध्यावर, गोल, काठ स्वच्छ आणि खोलगट असते. नख फिरवलं तर खळग्यात अडकतं. त्याच बंदुकीतून पूर्वी फुटलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल असेल तर ते शेजारी ठेवा. दोघांची तुलना केल्याशिवाय 'खोल' आणि 'उथळ' या शब्दांना अर्थ नाही.

खूण खोल आणि मधोमध आहे, तरी बार झाला नाही, तर बंदुकीला दोष देऊ नका. काडतूस खराब आहे. आपल्याकडे एक डबा वर्षानुवर्षं पुरवायची पद्धत आहे. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं वडिलांनी आणलेली असतात आणि मुलगा ती अजून जपून वापरत असतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काडतुसांचा डबा किती तापतो याचा विचार कोणी करत नाही. उष्णतेने दारू लवकर जुनी होते, आणि पावसाळ्यात जुनी कागदी काडतुसं ओल धरून फुगतात. तिसरा शत्रू घरातलाच: गंज नको म्हणून बंदुकीत फवारलेलं तेल. चेंबरमध्ये तेल निथळत असताना काडतूस तसंच भरून ठेवलं तर तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि मिश्रण निकामी करतं. खात्री करायची तर रेंजवर नव्या डब्यातली काडतुसं लावून बघा. नवी फुटतात आणि जुनी फुटत नाहीत, तर तपास तिथेच संपला. जुनी काडतुसं उकिरड्यावर किंवा विहिरीत न टाकता परवानाधारक विक्रेत्याकडे द्या.

खूण मध्यावर नसून एका कडेला असेल तर पिनची किंवा नळीच्या बसण्याची जागा हललेली आहे. ते कारागिराचं काम.

खूण अजिबात नसेल तर हॅमर पडूनही पिन पुढे आलेली नाही. पिनचं टोक तुटलेलं असतं, पिन आत जाम झालेली असते, किंवा बोल्ट लॉक झालेला नसतो. या शेवटच्या प्रकारात खटक्याचा आवाजही वेगळा येतो. नेहमीचा कोरडा 'टक्क' न येता बोदा, अर्धवट आवाज येतो, कारण हॅमर पिनवर न पडता दुसऱ्याच कशावर तरी पडलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडते ती उथळ खूण. नुसता टिकलीएवढा चपटा डाग, नख फिरवलं तर जाणवतही नाही. याचा अर्थ पिन पोचली, पण जोर नव्हता. जोर कुठे गेला, हे शोधताना लोक आधी हॅमरच्या स्प्रिंगवर संशय घेतात. स्प्रिंग थकते हे खरं, पण जुन्या ब्राउनिंगमध्ये ती पट्टीची असते आणि पट्टीची स्प्रिंग हळूहळू ढिली पडण्यापेक्षा सरळ मोडते. माझा अनुभव आणि कारागिरांचं मत, दोन्ही वेगळ्याच गुन्हेगाराकडे बोट दाखवतात: बोल्टच्या पोटातलं वाळलेलं तेल.

कोकणात बंदुकीला गंज खातो. सोलापुरात हवा वर्षातला बराच काळ कोरडी, पारा बेचाळीसच्या पुढे आणि वाऱ्यात बारीक काळी माती. इथे गंजापेक्षा तेलच जास्त छळतं. वनस्पती तेलं, म्हणजे जवस, मोहरी, शेंगदाणा, हवेत हळूहळू घट्ट होतात आणि शेवटी लाखेसारखा पिवळा थर उरतो. बंदुकीवर कौतुकाने चोळलेलं खोबरेल वेगळा त्रास देतं. ते साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे मेमध्ये उत्तम चालणारी बंदूक डिसेंबरच्या पहाटे रुसते. जुनं ग्रीस तर धूळ पकडून लेप होतं. बोल्ट उघडून पिनच्या भोकात काडीला गुंडाळलेलं स्वच्छ फडकं फिरवलं की ते तपकिरी, चिकट होऊन बाहेर येतं. पिन हलवून बघितली तर ती सैलपणे मागेपुढे सरकायच्या जागी ओढत, अडखळत जाते. हॅमरचा निम्मा जोर हे चिकट पदार्थ ढकलण्यात खर्च होतो आणि टोपीला उरतो नुसता स्पर्श.

हीच चिकट पिन उलट्या दिशेनेही घात करते. ती पुढे येऊन तिथेच अडकली तर पुढचं काडतूस भरताना, बोल्ट जोरात बंद होताच, चापाला हात न लावता बार होऊ शकतो. म्हणून ज्या बंदुकीच्या टोप्यांवर उथळ खुणा येतायत, ती 'चार-पाच बार टाकले की मोकळी होईल' म्हणून वापरत राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

बोल्ट केसभर मागे का राहतो

शॉटगनचं, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, काडतूस चेंबरमध्ये त्याच्या बुडाच्या कडेवर टेकतं. त्या कडेसाठी नळीच्या मागच्या तोंडाशी एक उथळ खाच असते. खाचेत जळलेल्या दारूची काजळी, प्लास्टिकचा कचरा किंवा गंज साठला की काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि बोल्ट अडतो. फुगलेलं कागदी काडतूसही हेच करतं.

दुसरं कारण दस्त्याच्या पोटात लपलेलं असतं आणि म्हणूनच कोणाला सापडत नाही. ब्राउनिंगसारख्या बऱ्याच ऑटोंमध्ये बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या लोखंडी नळीत असते. बंदूक भिंतीला दस्त्यावर उभी करून ठेवायची आपली पद्धत असल्यामुळे वर टाकलेलं सगळं तेल गुरुत्वाकर्षणाने तिथे उतरतं. वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि पावसाचं पाणी तिथे एकत्र मुरतं, स्प्रिंग गंजते किंवा चिकटते, आणि दस्त्याचं लाकूडही तेल पिऊन भुसभुशीत होतं. बाहेरून बंदूक आरशासारखी लख्ख असते. अशी बंदूक घरी ठेवताना नळी खाली आणि दस्ता वर ठेवावा. तेल उतरलंच तर नळीतून बाहेर येतं.

चादरीबद्दलही सांगून टाकतो. आपली चादर कितीही नामांकित असली तरी सुती कापड ओल धरतं. चामड्याचा खोळही तेच करतो. वाहतुकीला ठीक, पण कपाटात बंदूक उघडीच, कोरडी आणि कुलपात ठेवावी.

पहिला बार होतो, दुसरा होत नाही

ही तक्रार ऐकली की वरचं सगळं बाजूला ठेवायचं. पहिला बार झाला म्हणजे चाप, हॅमर, पिन, टोपी सगळं शाबूत आहे. बिघाड आहे तो टरफल बाहेर फेकून नवं काडतूस आणायच्या चक्रात. आणि ते चक्र कोणत्या जातीचं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली जात ती कुबडवाली ब्राउनिंग. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांनी १९०० साली तिचं पेटंट मिळवलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीशी त्यांचं फिसकटलं, दुसऱ्या कंपनीच्या अध्यक्षांची भेट ठरली तर ते गृहस्थ भेटीआधीच हृदयविकाराने गेले, आणि शेवटी बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९०२ पासून ती बनवायला घेतली. पुढे जवळजवळ शतकभर ती बनत राहिली. तिच्यात बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून दोघं मिळून मागे येतात, चांगले काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. मग नळी एकटी पुढे जाते, बोल्ट मागेच थांबतो, टरफल उडतं, खालून नवं काडतूस वर उचललं जातं आणि बोल्ट ते घेऊन पुढे जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

एवढी जड नळी मागे येताना तिला आवर घालायला मॅगझिनच्या नळीवर एक मोठी स्प्रिंग, एक पोलादी कडं आणि एक ब्राँझची ब्रेकची पट्टी असते. इथेच जुन्या बंदुकांची गंमत आहे. हे कडं काडतुसाच्या ताकदीप्रमाणे हलवायचं असतं. भारी काडतूस असेल तर कडं स्प्रिंग आणि ब्राँझच्या मध्ये, त्याचा उतार ब्राँझकडे करून बसवायचं. ते ब्राँझला आवळतं आणि ब्रेक जोरात लागतो. हलकं काडतूस असेल तर कडं काढून स्प्रिंगच्या मागे, बॉडीच्या बाजूला ठेवायचं. तिथे ते नुसतं बसून राहतं, ब्रेक कमी लागतो.

आता कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी भारी काडतुसासाठी कडं लावून ठेवलं आणि तुम्ही आज हलकी स्पोर्टिंग काडतुसं घातली, तर नळी पुरती मागे येणारच नाही. टरफल अडकेल, बोल्ट अर्ध्यात थांबेल, दुसरा बार होणार नाही. उलट झालं तर बंदूक छान चालल्यासारखी वाटते, पण प्रत्येक बाराला नळी मागे आदळते आणि हाताखालचं लाकूड चिरतं. अशा बंदुकीच्या पुढच्या लाकडाला केसासारखी चीर दिसली की आत कडं चुकीच्या जागी आहे, असं समजून आधी ते बघावं. मॅगझिनच्या नळीवर तेलाचा नुसता हात फिरवायचा. तेल थबथबलं की ब्रेक सटकतो, नळी सुकी ठेवली की ब्रेक नको तितका धरतो.

याच बंदुकीच्या डाव्या अंगाला एक छोटी पट्टी असते, मॅगझिन कट-ऑफ. ती लावली की मॅगझिनमधली काडतुसं जागीच राहतात आणि एकेक काडतूस हाताने भरता येतं. ती लागलेली आहे हे माहीत नसल्यामुळे 'दुसरं काडतूस येतच नाही' म्हणून बंदूक दुकानात आणणारे लोक आहेत. अण्णा अशा वेळी पट्टी सरकवतात, पैसे घेत नाहीत आणि चहा मागवतात.

दुसरी जात गॅसवर चालणारी, उदाहरणार्थ १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११००. नळीला बारीक भोकं असतात, त्यातून थोडा गॅस खाली येऊन पिस्टन ढकलतो. भोकं काजळीने बुजली की गॅस कमी पडतो. या बंदुकीत एक साधी रबराची रिंग असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती कडक होऊन तडकते, गॅस कडेने निसटतो आणि बंदूक आळशी होते. रिंग स्वस्त असते, पण ती बदलायची असते हेच कोणी सांगत नाही. तिसरी, मागच्या धक्क्यातल्या जडत्वावर चालणारी जात आपल्याकडे जुन्यांत फारशी दिसत नाही.

काडतुसाची लांबी हा मुद्दा तिघींनाही लागू. जुन्या काही युरोपीय बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची बरीच काडतुसं ७० ची. ही लांबी फुटून उलगडलेल्या टरफलाची असते. न फुटलेलं ७० चं काडतूस दुमडलेलं असल्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं. बसतं, पण उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि टरफल अडकतं. नळीवर चेंबरची लांबी बहुधा कोरलेली असते. ती वाचता आली नाही तर कारागिराकडून मोजून घ्या.

फुसका बार

एक प्रकार असा आहे की ज्यात बंदूक उडते, पण नको तशी. नेहमीच्या दणक्याऐवजी 'फुस्स' आवाज येतो, धक्का जेमतेम लागतो. दारू ओली किंवा कमी होती, छर्रे किंवा त्यांच्यामागचं बूच नळीतच अडकलेलं असू शकतं. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, तिच्यात अडकलेल्या बुचावर पुढचा पूर्ण ताकदीचा बार बसला तर नळी फुगते किंवा फाटते. ऑटोमध्ये हा धोका जास्त, कारण हात सवयीने पुन्हा चाप ओढतो. आवाज बदलला की थांबायचं, बंदूक पूर्ण रिकामी करायची, नळी काढून मागच्या बाजूने उजेडात आरपार बघायची.

घरी काय, दुकानात काय

घरी करण्यासारखं एवढंच: काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करणं, नळी आणि चेंबर ब्रशने साफ करणं, कडेची खाच काडीने कोरून स्वच्छ करणं, गॅसची भोकं मोकळी करणं. जुना चिकटा रॉकेलने सुटतो, पण रॉकेल पुसून कोरडं केल्यावर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात द्यावाच लागतो, नाहीतर उघडं पोलाद गंजतं. खटका तपासायचा तर खोट्या काडतुसावर तपासावा, रिकाम्या चेंबरवर पुन्हा पुन्हा नको.

बोल्ट पूर्ण खोलणं, दस्त्यातली स्प्रिंग काढणं, पिन बदलणं, सिअर बघणं हे काम परवानाधारक कारागिराचं. दस्त्यातली स्प्रिंग ताणलेली असते आणि टोपण सैल होताच उसळून येते. जुन्या ब्राउनिंगचे स्क्रू बारीक खाचेचे, त्यात जाड स्क्रू-ड्रायव्हर घातला की डोकं उडतं आणि बंदुकीची किंमतही. कायद्याची बाजूही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यारं दुरुस्त करण्याचा धंदा करायला परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडून पिन कातून घेणं दोघांनाही महागात पडेल. नळी कापून आखूड करणं हा तर वेगळाच गुन्हा.

वारसाने आलेल्या बंदुकीची गोष्ट आणखी निराळी. ज्याच्या नावावर परवाना होता तो गेला की ती घरात ठेवता येत नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग आपल्या नावाचा अर्ज: शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. २०१६ च्या नियमांत सेमी-ऑटोमॅटिकचा वर्ग वेगळा धरलेला असल्यामुळे आजोबांच्या परवान्यावर बंदुकीचं वर्णन नेमकं काय लिहिलंय, ते अर्जाआधी शब्द न् शब्द वाचा.

दुकानात जाताना मूळ परवाना, नव्या डब्यातल्या काडतुसाचं एक फुटलेलं टरफल आणि ते न फुटलेलं काडतूस वेगळ्या डबीत घेऊन जा, आणि खटका वाजला का, कसा वाजला, पहिलाच बार गेला की दुसरा, हे लिहून न्या. बंदूक दुरुस्तीला ठेवून येताना पावती घ्या, आणि पावतीवरचा नंबर बॉडीवर कोरलेल्या आणि परवान्यावर लिहिलेल्या नंबराशी जुळतो का, ते काउंटरवर उभं असतानाच बघून घ्या.